सुवासाचा धंदा शिकायचा कसा?

आईला अक्षरओळख होऊन चार महिने झाले होते. रोज रात्री ती साक्षरता वर्गाला जाई. एके दिवशी तिची मुलगी तालुक्याच्या बाजारातून एक रंगीत कागद घेऊन आली.

"आई, मला हे शिकायचंय. माझ्या पायावर उभं राहायचंय," ती म्हणाली.

आईने कागद दिव्याजवळ धरला. अक्षरे लावत लावत तिने वाचले, "अरोमाथेरपी शिका. आठ दिवसांत डॉक्टर व्हा. प्रत्येक रोगावर तेल. फी वीस हजार रुपये."

घरात वीस हजार नव्हते. आईच्या गळ्यात सोन्याची एक माळ होती. मुलगी माळेबद्दल बोलली नाही. पण आईने ओळखले.

"उद्या गुरुजींना विचारू. मग माळेचं बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रात्री मायलेकी वर्गात गेल्या. गुरुजींनी कागद वाचला. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. आठ दिवसांत कुणी डॉक्टर होत नाही. पण पोरीची आवड वाईट नाही. सुवासाचा धंदा खरा आहे. तो नीट शिकावा लागतो."

"मग खरं काय ते सांगा, गुरुजी," आई म्हणाली.

गुरुजींनी सांगितले ते असे.

सुगंधी तेल कसे निघते?

गवती चहाचे पान चुरगाळा. हाताला वास येतो. तो वास पानातल्या तेलाचा असतो. मोठ्या भांड्यात गवत भरतात व त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ तेल बरोबर घेऊन निघते. ती वाफ थंड पाण्यातून नेलेल्या नळीत शिरली की तिचे पाणी होते. गवती चहाचे तेल त्या पाण्यावर तरंगते. ते वेगळे काढतात. 100 किलो गवतातून सुमारे अर्धा किलो तेल मिळते. कधी त्याहून कमी मिळते. म्हणून ते महाग असते.

आपल्या खानदेशात पूर्वी रोशा गवताचे तेल असेच काढीत. उत्तर प्रदेशात कनौज गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तिथे आजही तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून खाली चूल पेटवतात.

अरोमाथेरपी म्हणजे काय?

सुगंधी तेलाचा वास घेणे, किंवा ते साध्या तेलात मिसळून मालीश करणे, याला अरोमाथेरपी म्हणतात. हे नाव फ्रान्समधून आले. तिथे गॅटफॉसे नावाचे रसायनतज्ज्ञ होते. 1910 साली प्रयोगशाळेत त्यांचे हात भाजले. त्या जखमांवर त्यांनी लॅव्हेंडर या झाडाचे तेल वापरले. पुढे 1937 साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यातून हे नाव रूढ झाले.

चांगल्या मालीशने अंग हलके होते. मनाला बरे वाटते. पण तेलाने मधुमेह जात नाही. तेल लावले म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही.

शिकणाऱ्याला काय यायला हवे?

पहिले म्हणजे माप. सुगंधी तेल फार तेज असते. ते तसेच अंगाला लावले तर कातडी भाजते. मोठ्या माणसाच्या मालिशीसाठी 100 मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात 2 मिलिलिटर सुगंधी तेल पुरते. चेहऱ्याला त्याहून कमी घेतात. मिसळलेले तेल आधी हातावर थोडे लावून एक दिवस वाट पाहतात. खाज आली तर ते वापरत नाहीत.

दुसरे म्हणजे नाही म्हणणे. गरोदर बाई, तान्हे मूल, दमेकरी यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल लावायचे नाही. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेले तर कातडीवर डाग पडतात. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतते. म्हणून बाटलीवर नाव लिहून ती उंच जागी ठेवावी.

तिसरे म्हणजे हिशोब. तेल काढण्याचे भांडे घेण्याआधी ते कोण विकत घेणार, हे ठरवावे. आधी गिऱ्हाईक, मग भांडे.

कुठे शिकावे?

लखनौला सीमॅप ही सरकारी संस्था आहे. ती 1959 साली सुरू झाली. तिथे शेतकऱ्यांना सुगंधी पिकांची लागवड आणि तेल काढणे शिकवतात. कनौजला सुगंध व सुरस विकास केंद्र 1991 साली सुरू झाले. तिथे अत्तर, सुगंधी तेल, उदबत्ती यांचे लहान अभ्यासक्रम असतात. मुंबईत मुलुंडला वझे-केळकर महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधी पदवी लागते. फी आणि अटी बदलतात. म्हणून जाण्याआधी पत्र लिहून विचारावे.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

गुरुजींनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. आईने ते वहीत उतरवून घेतले.

1. प्रमाणपत्र कोण देणार?
2. शिकवणारा स्वतः कुठे शिकला?
3. हाताने काम किती दिवस करायला मिळेल?
4. फीची पावती मिळेल का?

सकाळी मुलीने कागदावरच्या नंबरला फोन लावून आईच्या हाती दिला. आईने वही उघडली. एकेक प्रश्न वाचून विचारला.

"प्रमाणपत्र आमचंच असतं," पलीकडचा म्हणाला. दुसऱ्या प्रश्नाला तो गप्प राहिला. तिसऱ्याला म्हणाला, "पुस्तक देतो की!" चौथ्याला म्हणाला, "आज पैसे भरा, पावतीचं मागून बघू." आईने फोन ठेवला.

मुलीचे डोळे भरून आले. "म्हणजे मी शिकायचंच नाही का?"

"शिकायचं गं," आई म्हणाली. "म्हणून तर खोटं शिकायचं नाही. तू लखनौला आणि कनौजला पत्र लिही. चांगल्या ठिकाणाहून उत्तर आलं, की ही माळ मीच काढून देईन. तोवर राहू दे माझ्या गळ्यात."

मुलीने डोळे पुसले. तिने दोन पत्रे लिहिली. पाकिटांवरचा पत्ता आईने स्वतः वाचून पाहिला. मग दोघी टपालपेटीकडे गेल्या.

उत्तरे द्या

1. सुगंधी तेल महाग का असते?
2. तेल कोणाला लावू नये?
3. आईने माळ का मोडली नाही?
4. तुमच्या गावात कोणती सुवासिक झाडे व गवते आहेत? त्यांची नावे लिहा.