प्रदर्शन डिसेंबरात, तयारी जूनमध्ये

चिऊ, सातवीत गेलीस म्हणजे विज्ञान प्रदर्शन तुझ्या डोक्यात घोळत असणारच. म्हणून आत्ता, शाळा उघडतानाच बोलते. डिसेंबर आला की एकच धावपळ उडते. थर्माकोल आणा, रंग आणा, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी करा, नाहीतर सिरिंजवर हलणारा जेसीबी. करायला मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण त्यांची उत्तरं आधीच पुस्तकात छापलेली असतात. तू असा प्रश्न घे, ज्याचं उत्तर तुलाही ठाऊक नाही आणि सरांनाही नाही.

आपल्या मुळशीत असे प्रश्न दारात पडलेत गं. पाऊसच बघ. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो! समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होऊन रिते होतात, हे भूगोलात शिकलीस. पण ताम्हिणी, पौड, पिरंगुट, भूगाव या एकाच रस्त्यावर तो पाऊस कुठे, किती ओसरतो? ते तू मोज.

सामान घरातलंच. शीतपेयाची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घे, वरचा भाग कापून उलटा आत बसव, म्हणजे नरसाळं झालं. बुडाशी बाटली वेडीवाकडी असते, म्हणून तळाला खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भर आणि तिथे शून्याची रेघ मार. तिथून वर पट्टी चिकटव. बाटलीचं तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं हवं, तरच पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजे पावसाचे मिलिमीटर. झाडाखाली, पागोळ्यांखाली ठेवू नकोस. हवामान खात्यासारखी रोज सकाळी साडेआठला नोंद घे आणि पाणी पुन्हा शून्यावर आण. अशाच बाटल्या ताम्हिणीकडच्या आणि भूगावच्या मैत्रिणींना दे. चौघी मिळून मोजलंत तर त्याला खरा अर्थ.

पावसात मन नसेल तर भात आहे. राबात पेरण्याआधी दादा बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात ना? दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात, भरीव बुडतात. तरंगलेले आणि बुडालेले शंभर-शंभर दाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत ठेव आणि किती उगवले ते मोज. इंद्रायणी आणि आंबेमोहोर दोन्ही घेतलेस तर आणखी छान.

एक मात्र जपायचं. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर वहीत ‘नोंद नाही’ असंच लिही. अंदाजाने आकडा भरू नकोस, कुणी सांगितलं तरी. निकाल उलटा आला तर तोही तसाच मांड. चांगला परीक्षक तुझा तक्ता किती रंगीत आहे हे पाहणार नाही, तो तुझी चुरगळलेली, पावसाने डागाळलेली वही मागेल. घरातल्यांनी रात्री जागून मॉडेल करून दिलं की दोन प्रश्नांत मूल गप्प होतं, आणि त्या मुलाचं मला फार वाईट वाटतं. दादांकडून बाटली कापून घे, बाकी सगळं तुझं.

खर्चाची काळजी नको. आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतूनच विज्ञान शिकवलं. त्यांची खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. आणि बाईंना इन्स्पायर मानक योजनेबद्दल नक्की विचार. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेमार्फत पाठवता येतात, निवड झाली तर 10,000 रुपये मिळतात.

ताम्हिणीची बाटली मात्र या आठवड्यातच पोचव. जून हातचा गेला, तर तो पाऊस मोजायला पुढचं वर्ष उजाडेल.