घटक ४ : लोकशिक्षणपर लेखन – गावातील भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• भटक्या कुत्र्यांच्या संख्या-नियंत्रणामागील शास्त्रीय व कायदेशीर तत्त्वे सांगता येतील.
• अशा विषयावर लिहिताना शब्दांच्या अर्थच्छटा व व्याकरणिक संदिग्धता ओळखता येतील.
• ग्रामपंचायतीसाठी स्पष्ट, जबाबदार सूचनापत्र तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सूचनापत्र हा लेखनप्रकार वरवर सोपा वाटतो. चार ओळी लिहावयाच्या, खाली सही-शिक्का घ्यावयाचा आणि फलकावर लावावयाच्या. परंतु सूचनेतील एखादा शब्द चुकला, तर माणसे चुकीची कृती करतात. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न हे याचे चांगले उदाहरण आहे. येथे एकीकडे मुलांचा जीव असतो व दुसरीकडे मुक्या प्राण्याचा. तुमच्यापैकी अनेक जण गावात शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी, आशा कार्यकर्त्या किंवा बचत गटाच्या सदस्य असतील. असे सूचनापत्र लिहिण्याची वेळ तुमच्यावर केव्हाही येऊ शकते. म्हणून प्रथम विषय समजून घेऊ आणि मग भाषेकडे वळू.

४.२ विषयाची ओळख

४.२.१ संख्या का वाढते?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. एका वेतात साधारणतः चार ते सहा पिल्ले होतात आणि वर्षातून दोनदा वेत होऊ शकते. बरीच पिल्ले दगावतात. तरी उकिरडा, कोंबड्यांच्या दुकानामागचा कचरा आणि शिवारात टाकलेली मेलेली जनावरे यांवर उरलेली वाढतात. पूर्वी मेलेल्या जनावरांचा फडशा गिधाडे पाडीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९०च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि ते अन्न कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्र्यांची संख्या अशा रीतीने गावाच्या स्वच्छतेशी जोडलेली आहे.

४.२.२ मारून प्रश्न सुटतो का?

कुत्री मारली किंवा दूरच्या शिवारात नेऊन सोडली, तरी अन्न तेथेच राहते. रिकाम्या जागेत शेजारची कुत्री येतात, हद्दीसाठी भांडतात आणि पुन्हा वितात. नव्याने आलेल्या कुत्र्यांना लस दिलेली असेलच असे नाही. शिवाय विष घालून मारणे क्रूर तर आहेच, पण बेकायदेशीरही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यानुसार ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची आहे.

४.२.३ निर्बीजीकरण व लसीकरण

कुत्रे जाळीने पकडावे, भूल देऊन शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जखम भरल्यावर मूळ जागी सोडावे, अशी ही पद्धत आहे. मूळ जागी सोडण्यास अपवादही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणून सूचना लिहिण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम अवश्य पाहावेत.

जयपूरमध्ये १९९४ पासून निर्बीजीकरण व लसीकरण यांची जोड देण्यात आली. त्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्षेत्रातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली होती व तेथील माणसांमधील रेबीज शून्यावर आला होता. गोव्यात मुख्य भर व्यापक लसीकरण, शालेय शिक्षण व रोगावरील देखरेख यांवर होता. तेथे २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी कमी झाले. या दोन उदाहरणांतील भेद ध्यानात ठेवा. रेबीज लसीने आटोक्यात येतो. संख्या शस्त्रक्रियेने हळूहळू, काही वर्षांत उतरते. दोन्हींची गल्लत करणारे लेखन गावाला खोटी आशा दाखवते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : कुत्री दुसऱ्या शिवारात सोडल्याने प्रश्न का सुटत नाही? चार वाक्यांत लिहा.

४.३ शब्दांची निवड

आता भाषेकडे वळू. ‘मोकाट’ हा शब्द मूळचा दावे सोडलेल्या गुरांसाठी रूढ आहे. त्यात दोष मालकाचा आहे असे सूचित होते. ‘बेवारस’मध्ये कोणीच जबाबदार नाही असा भाव आहे. ‘पिसाळलेले’ हा तर रोगवाचक शब्द. प्रत्येक भटक्या कुत्र्यास तो लावणे म्हणजे भीती पसरविणे होय. २०२३ च्या नियमांनी ‘समाजातील प्राणी’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली आहे. गावाला ही कल्पना परकी नाही. खंडोबा व दत्तात्रेय यांच्या सान्निध्यात कुत्रा आहे आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

शस्त्रक्रियेसाठी कोणता शब्द वापरावा? ‘नसबंदी’ सर्वांना कळतो, परंतु १९७५–७७ च्या आणीबाणीतील सक्तीची आठवण त्यास चिकटलेली आहे. ‘खच्ची करणे’ शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे, पण तो गोऱ्ह्यासाठी, म्हणजे नरासाठी. ‘निर्बीजीकरण’ हा शासकीय शब्द नेमका असला, तरी ‘बीज’ म्हटले की अनेकांच्या मनात नरच येतो. हा गैरसमज महागात पडतो. गावातील बहुतेक नरांवर शस्त्रक्रिया केली, तरी उरलेला एखादा नर अनेक माद्यांना पुरेसा ठरतो. संख्या घटवावयाची असेल, तर माद्यांवरील शस्त्रक्रिया निर्णायक असते. त्यात अंडाशय, व बहुधा गर्भाशयही, काढले जाते.

येथे मराठी व्याकरणही आपली परीक्षा घेते. ‘कुत्री’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि ‘कुत्रे’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचनही. ‘कुत्री पकडली’ या वाक्यावरून एक मादी पकडली की अनेक कुत्री, हे कळत नाही. क्रियापदही दोन्ही अर्थी सारखेच. ‘दहा कुत्र्या पकडल्या’ म्हटल्यास माद्या निश्चित होतात. पण सामान्यरूपात तो भेदही पुसला जातो. ‘तीस कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केली’ या वाक्यात माद्या किती, हे सांगता येणार नाही. मोहीम यशस्वी झाली की नाही, हे मात्र त्याच आकड्यावर ठरते. म्हणून नोंदवहीत व अहवालात ‘नर’ आणि ‘मादी’ असे स्वतंत्र रकाने ठेवावेत.

४.४ नमुना व त्याचे विश्लेषण

सदोष सूचना : ‘गावातील मोकाट कुत्र्यांचा शुक्रवारी बंदोबस्त करण्यात येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.’

‘बंदोबस्त’ म्हणजे व्यवस्था. परंतु येथे ऐकणारा ‘मारणे’ असाच अर्थ घेईल. कोणी दारातले कुत्रे लपवील, तर कोणी ‘सहकार्य’ म्हणून आदल्या रात्रीच विष कालवील. ‘करण्यात येईल’ या कर्मणि रचनेत काम कोण करणार, हेही दडलेले आहे.

सुधारित सूचना : ‘शुक्रवारी सकाळी ७ वाजल्यापासून पशुवैद्यकीय पथक गावातील मालक नसलेली कुत्री जाळीने पकडेल. पिल्ले होऊ नयेत म्हणून नर व मादी दोघांवरही भूल देऊन शस्त्रक्रिया केली जाईल आणि रेबीजची लस टोचली जाईल. कानाला खाच असलेले कुत्रे शस्त्रक्रिया झालेले समजावे. जखम भरल्यावर पथक त्यांना नियमानुसार परत सोडेल. कोणत्याही कुत्र्यास मारले जाणार नाही. घरचे कुत्रे बांधून ठेवावे. पिल्लांना पाजणारी मादी दिसल्यास पथकास सांगावे. मुलांनी पथकामागे धावू नये. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी.’

सूचना लांबली आहे, हे खरे. पण तिच्यातील प्रत्येक वाक्य वाचकाला काय होणार किंवा काय करावयाचे ते सांगते. शेवटची दोन वाक्ये कधीही गाळू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते.

४.५ सारांश

भटक्या कुत्र्यांचे मानवीय नियंत्रण माद्यांवर भर देणारे निर्बीजीकरण, नियमित लसीकरण व कचऱ्याची योग्य विल्हेवाट या तीन गोष्टींवर उभे असते. लेखकाने संदिग्ध व भीतीदायक शब्द टाळून कर्ता, कृती, काळ व कारण स्पष्ट करावे. अशा लेखनात भाषेची अचूकता ही दयेचाच एक भाग असते.

४.६ स्वाध्याय

१. ‘मोकाट’, ‘बेवारस’, ‘पिसाळलेले’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘कुत्री’ या शब्दासारखी वचन-लिंगाची संदिग्धता असणारी दोन नामे शोधा व ती दूर करणारी वाक्ये लिहा.
३. उपक्रम : तुमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावरील एक सूचना उतरवून घ्या. तिच्यातील कर्ता कोण आहे, हे शोधा आणि ती सुधारून पुन्हा लिहा. गावातील किमान दोन व्यक्तींना ती वाचून दाखवा. त्यांना काय समजले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.