सांधा पाहून शीड उभारावे

विंडसर्फिंगचा नाद नव्याने लागलेला मनुष्य भाड्याची वा विकतची सामग्री निवडताना बोर्डाची चकाकी आणि शिडाचे रंग न्याहाळतो, परंतु या दोहोंना जोडणाऱ्या वीतभरही नसलेल्या लवचीक सांध्याकडे क्वचितच लक्ष देतो. कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक व हॉयल श्वाइट्झर यांनी ज्या रचनेचे पेटंट १९६८ साली मागितले, तिचे मर्म सर्व दिशांना झुकणारा हा सांधाच होय; कारण या यानाला सुकाणू नसल्याने ते डोलकाठी पुढेमागे कलवूनच वळवावे लागते.

गोव्यात दोनापावला येथे, जुवारी जेथे समुद्राला मिळते त्या परिसरात शिकत असताना, एका सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे संथपणे वाहत होता आणि लाट म्हणावी अशी पाण्यावर नव्हती. अशा निरुपद्रवी वेळी, दोरीने शीड उभे करीत असतानाच, सांधा मधोमध तुटला. त्यावरील सुरक्षापट्टी कोणीतरी पूर्वीच काढून टाकलेली असल्याने शीड व बोर्ड यांची तत्काळ फारकत झाली. पाण्यात पडलेले शीड नांगराप्रमाणे जागीच अडून राहते, तर मोकळा बोर्ड पोहणाऱ्याला गाठता येऊ नये इतक्या त्वरेने वाऱ्याबरोबर निघून जातो. सबब शिक्षकांच्या ताकिदीस अनुसरून मी शिडाचा मोह सोडला, बोर्ड धरला, त्यावर बसून दोन्ही बाहू बाजूंस पसरून सावकाश वरखाली करीत राहिलो, आणि ती संकटाची आंतरराष्ट्रीय खूण ओळखून मोटारबोट आली.

तुटलेला सांधा बाहेरून धडधाकट भासत होता. वाकविल्यावरच त्यातील तडे उघडे पडले. म्हणून प्रत्येक खेपेस सांधा चहूबाजूंनी वाकवून पाहावा, बारीक चीर आढळली तरी तो बाद करावा, सुरक्षापट्टी व खालचे कुलूप यांची खातरजमा करावी, आणि शीड उचलण्याची दोरी विरली असल्यास ती बदलून घ्यावी.

बोर्डाविषयी सांगावयाचे तर पॉलिइथिलीनचे कवच जड असले तरी आघात सोसते. इपॉक्सीचा बोर्ड हलका, परंतु डोलकाठी नाकावर आदळली की तो तडकतो आणि आतील फोमात पाणी शिरून जड होतो. सर्वसाधारण बांध्याच्या नवशिक्यास दीडशे ते दोनशे लिटर आकारमानाचा रुंद बोर्ड पुरतो. हवेच्या छिद्राचा स्क्रू पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट बसवावा, विमानप्रवासात मात्र सैल ठेवावा. शिडाची पारदर्शक फिल्म उन्हाने ठिसूळ होते, तर डोलकाठीच्या जोडात वाळू शिरली की तिचे दोन भाग सुटता सुटत नाहीत. यास्तव गोड्या पाण्याने धुणे आणि सावलीत ठेवणे यांत हयगय नसावी.

वाऱ्याविषयीही विवेक हवा. दुपारचे खारे वारे माणसाला किनाऱ्याकडे ढकलतात, मतलई वारे खोल समुद्राकडे नेतात. म्हणून बचावाची नौका हाताशी नसल्यास सकाळचा शांत वारा शिकाऊस वर्ज्य मानावा, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या वाटेस जाऊच नये.

जुनी सामग्री घेणाऱ्याने शिडाच्या नव्या कापडावर पैसा खर्चण्याआधी नवा सांधा, नव्या दोऱ्या आणि अंगाला नीट बसणारे जीवरक्षक जाकीट यांची तजवीज करावी. आणि भाड्याने देणारा अशी तपासणी करू देण्यास खळखळ करील, तर अनामत परत मागून त्या दिवसापुरते कोरड्या पायांनीच घरी यावे.