निकाल नको, वर्कशॉप दाखवा

माझा थोरला मुलगा जोडारी (फिटर) ट्रेडचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन गोव्यात एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने त्याच्या हातात एक ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर ठेवला. ड्रॉइंग त्याला कळलं. मायक्रोमीटर मात्र त्याने परीक्षेपुरताच हातात धरला होता. मापं चुकली, तुकडा भंगारात गेला. रात्री फोनवर तो म्हणाला, "बाबा, माका ह्यां कोणी करूकच दिला नाय." मुलगा आळशी नव्हता, एकही दिवस बुडवणारा नव्हता. गुणपत्रिकाही चांगली होती.

झालं होतं ते असं. तो ज्या आयटीआयमध्ये शिकला तिथले त्याच्या ट्रेडचे निदेशक पहिल्या वर्षाच्या मध्यावर बदलून गेले आणि त्यांची जागा बरेच महिने भरली गेली नाही. दुसऱ्या ट्रेडचे एक सर अधूनमधून येऊन फळ्यावर आकृत्या काढून देत. लेथ मशीन होतं, पण नादुरुस्त होतं. लेखी परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी, पाठांतरावर निघते. प्रात्यक्षिकाची वहीही एकमेकांची बघून पूर्ण झाली. सगळे पास झाले आणि संस्थेचा निकाल उत्तम लागला.

ही निकालाची टक्केवारीच आपल्याला फसवते. दहावीच्या परीक्षेत आपला कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दरवर्षी राज्यात पहिला असतो, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. त्यामुळे शाळा निवडताना निकाल विचारण्याची सवय आपल्या अंगात मुरली आहे. पण लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणता येतो की नाही, हे टक्केवारीत दिसत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतले चाकरमानी गिरणीच्या वर्कशॉपात मिस्त्रीच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून फिटर झाले. 1982च्या संपानंतर गिरण्यांची ती दारं बंद होत गेली. आता मिस्त्रीचं काम संस्थेतल्या निदेशकाने करायचं आहे. तो जागेवर नसेल तर बाकी सगळं असूनही काही नाही.

म्हणून धाकट्या मुलीने विजतंत्री (इलेक्ट्रिशियन) व्हायचं ठरवलं तेव्हा आम्ही वेगळ्या पद्धतीने चौकशी केली. तीच इथे सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. प्रवेशाच्या काळात संस्था पाहायला जाऊ नये. तेव्हा वर्कशॉप झाडून-पुसून बंद असतं आणि कार्यालयात फक्त फॉर्मची गर्दी असते. मूल नववीत किंवा दहावीत असतानाच, दिवाळीनंतर प्रात्यक्षिकं जोरात चालू असतात त्या दिवसांत जावं. प्राचार्यांना आधी विचारावं, परवानगी मागावी. चांगली संस्था आनंदाने दाखवते. आम्हाला एका ठिकाणी गटनिदेशकांनी स्वतः फिरवलं आणि कुठलं यंत्र बंद आहे तेही न लपवता सांगितलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

आत गेलात की मशिनांची संख्या मोजत बसू नका. मुलं कुठे उभी आहेत ते बघा. जोडारी किंवा विजतंत्रीच्या एका तुकडीत 20 मुलं असतात. त्यातली दोघं काम करत असतील आणि बाकीची हात मागे बांधून बघत असतील, तर समजून घ्या. आमच्या नांदगावच्या तिठ्यावर भेटलेला एक माजी विद्यार्थी मला म्हणाला होता, "काका, मशीन बघलंव रे सगळी, पण हात लावूक गावलो नाय." हे वाक्य ज्या संस्थेबद्दल दोन-तीन मुलांकडून ऐकू येईल, तिथे पुढे काही विचारायची गरज नाही. वेल्डिंगच्या मुलांना विचारा, आठवड्यात किती रॉड जाळायला मिळतात. विजतंत्रीच्या मुलांना विचारा, मोटार स्वतः वाइंड केली का, मेगर लावून इन्सुलेशन तपासलं का, स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी एकट्याने केली का. आणि जमलं तर वर्कशॉपच्या मागे टाकलेलं भंगार बघा. घासलेले, कापलेले, चुकलेले जॉब तिथे पडलेले असतील तर मुलांच्या हाताखालून कच्चा माल जातो आहे. मागचं अंगण स्वच्छ असेल तर मला काळजी वाटते.

प्रात्यक्षिकाची वही चाळायला मागा. प्रत्येक जॉबवर तारीख, मुलाची मापं आणि निदेशकाची सही असायला हवी. सगळ्या वह्यांत एकच माप, एकाच शाईत, एकाच दिवशी असेल तर ती वही घरी भरलेली आहे.

यानंतर माणसांबद्दल विचारायचं. इथे पालक संकोचतात, पण संकोचू नये. आपल्या ट्रेडचे शिल्प निदेशक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? पद रिक्त असेल तर किती दिवस? तासिका तत्त्वावरची माणसं वाईट शिकवतात असं मुळीच नाही. त्यांतली काही फार जीव लावून शिकवतात. पण ती कधी येतात, कधी जातात याची खात्री नसते. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार कायदा 2005 आहे. दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर आणि भरलेल्या पदांची माहिती मागता येते. भांडायला म्हणून अर्ज करू नका, माहिती हवी म्हणून करा.

ट्रेड निवडतानाही मार्कांकडे बघून निवडू नये. आपल्या भागात कोणती यंत्रं चालतात ते बघा. मालवण, देवगड, विजयदुर्गच्या बंदरांत ट्रॉलरची डिझेल इंजिनं आहेत, मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत, आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे उद्योग आहेत आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच होमस्टेत आता एसी आहे. तरीही डिझेल मेकॅनिक किंवा प्रशीतन-वातानुकूलन सोडून कोपाकडे, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडकडे, धावणारी मुलं मी पाहिली, कारण तिथे हात काळे होत नाहीत. कॉम्प्युटरची आवड असेल तर कोपा जरूर घ्यावा. कपडे स्वच्छ राहतात म्हणून घेऊ नये.

प्रमाणपत्र कोणतं मिळणार हेही आधीच विचारा. तो विशिष्ट ट्रेड, ती विशिष्ट तुकडी राष्ट्रीय पातळीवर संलग्न आहे का? महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला विजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. रेल्वेतही तसंच. संलग्नता नाही म्हणून नंतर रडण्यात अर्थ नसतो. आणि पुढची वाट बंद होते हा समज काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून राज्य मंडळाचे भाषेचे पेपर दिले की बारावीची समकक्षता मिळते, आणि तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्यांना विज्ञान शाखा सोडायची नाही त्यांच्यासाठी अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आहेत. त्यात 200 गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. तिथेही हीच कसोटी लावा: प्रात्यक्षिक खरंच होतं का?

मुलींच्या पालकांना वेगळं सांगायचं आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत आणि त्या बऱ्याचदा शिवणकामापुरत्याच विचारल्या जातात. माझ्या मुलीने विजतंत्री घेतला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण आम्ही संस्थेत विचारलं ते वेगळंच: वर्कशॉपजवळ मुलींचं स्वच्छतागृह आहे का, पाणी येतं का, संध्याकाळची शेवटची एसटी कधी. नांदगावहून जिल्ह्यात कुठेही जायचं तर बहुतेक वेळा कणकवलीला गाडी बदलावी लागते. पावसात उशीर झाला तर मूल रात्री घरी येतं, आणि मग महिन्याभरात हजेरी गळायला लागते. वसतिगृह असेल तर ते प्रत्यक्ष बघा, स्वयंपाकघरासकट.

आणखी एक गोष्ट फॉर्मची. प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीने, विकल्प भरून होतात. पहिल्या विकल्पाची जागा मिळाली आणि ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांची संधी जाते. त्यामुळे सायबर कॅफेतल्या माणसाला "भर काहीतरी" असं सांगू नका. पहिला विकल्प म्हणजे जिथे मूल नक्की जाणार आहे तीच जागा.

थोरल्याने त्या कारखान्यात एका वयस्क फिटरच्या हाताखाली सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं आणि आज तो तिथे टिकून आहे. पण जे शिकायला शासनाने दोन वर्षं, इमारत आणि यंत्रं दिली होती, ते त्याला स्टायपेंडवर, बोलणी खात शिकावं लागलं. प्रत्येक मुलाला असा फिटर भेटेलच असं नाही.

आपल्या सरकारी संस्था टिकाव्यात, असं मला मनापासून वाटतं. खासगी संस्थांची फी भरण्याची ऐपत आपल्यातल्या किती जणांची आहे? पण पालक वर्कशॉपात पाऊलच टाकत नाहीत, म्हणून रिकामी पदं रिकामीच राहतात आणि बंद मशिनं बंदच राहतात. सरकारी आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समिती असते. तिच्यात कोण आहेत ते विचारा, त्यांना भेटा, तुमच्या ट्रेडच्या निदेशकांची जागा कधी भरणार ते लेखी विचारा. ज्यांची मुलं यंदा नववीत आहेत, त्यांनी येत्या दिवाळीनंतर कामाचा एक दिवस मोडावा आणि मुलाला सोबत घेऊन प्रात्यक्षिकाच्या तासाला संस्थेत जावं.