अपुऱ्या दिवसांचें मूल आणि घरचा खर्च

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचें व जन्मतः अडीच किलोपेक्षां हलक्या मुलास कमी वजनाचें म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०२० मध्यें जगांत सुमारें १ कोटी ३४ लक्ष मुलें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं. त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष एकट्या भारतांत.

अशा मुलाच्या उपचारास खर्च अधिक कां लागतो? पोटांतील शेवटच्या आठवड्यांत मुलाच्या अंगीं चरबी सांठते, फुप्फुसें पक्व होतात व चोखण्यागिळण्याची सांगड बसते. हें कार्य अपुरें राहिलें म्हणजे ऊब यंत्रानें द्यावी लागते, श्वासास साहाय्य करावें लागतें, दूध नळीनें पाजावें लागतें. आईची कूस जें विनामूल्य करिते, तेंच रुग्णालयास कित्येक आठवडे अहोरात्र करावें लागतें.

हा भार हलका करण्याची व्यवस्था आहे. मात्र ती ठाऊक असली पाहिजे. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांत आजारी नवजातास औषधें, तपासण्या व वाहन विनामूल्य मिळूं लागलें. २ जुलै २०१२ रोजीं राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत निघाली; त्यांत धुळें होतें. जळगांवास ती नोव्हेंबर २०१३ मध्यें लाभली. पुढें तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें.

तथापि उपचार फुकट झाला म्हणजे घर सांवरलें असें नव्हे. शिरपूर किंवा चोपडें तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यावरचें जोडपें तीन आठवडे जिल्ह्याच्या गांवीं राहिलें, तर कापूस वेंचणीची मजुरी बुडते, भाडें व बाहेरचें जेवण अंगावर येतें, आणि शेवटीं दागिना गहाण पडतो. कोणत्याही पावतीवर न दिसणारा हा खर्च होय. त्याच्या धास्तीनें मूल वेळेपूर्वीं घरीं नेलें, तर जिवावरच बेततें.

म्हणून स्वस्त उपायांचें मोल आम्हांस मोठें वाटतें. सन १९७८ मध्यें कोलंबिया देशांतील बोगोटा येथें यंत्रें अपुरीं पडलीं, तेव्हां डॉक्टरांनीं मुलांस आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेविलें. आज हीच रीति जगन्मान्य आहे. आपल्याच राज्यांत, गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांस नवजातसेवेचें शिक्षण दिलें. दर मुलामागें खर्च सुमारें सव्वापांच डॉलर आला. आणि तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां सन १९९७-९८ पर्यंत नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नें घटले. याच धर्तीवर आज आशाताई रुग्णालयांत जन्मलेल्या मुलाच्या घरीं ४२ दिवसांत सहा फेऱ्या घालतात.

एक तपासणी मात्र टळूं देऊं नये. दोन किलोपेक्षां हलक्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या मुलाचे डोळे तीस दिवसांच्या आंत तपासावे. उशीर झाल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते.

सर्वांत कमी खर्चाचा उपाय जन्मापूर्वींचा. मुलीचा विवाह अठरा वर्षांपूर्वीं न करणें, गरोदर स्त्रीस पोटभर अन्न, लोहाच्या गोळ्या व विश्रांति देणें, आणि मिश्री सोडणें, यांस फारसें द्रव्य लागत नाहीं. विद्यार्थीमित्रांनो, घरीं किंवा शेजारीं कोणी गरोदर असेल, तर आशाताईंची गांठ आजच घालून द्या. पालकांनींही योजनेचीं कागदपत्रें आधींच जुळवून ठेवावीं; ऐन वेळीं रात्रीं तीं शोधण्यास अवधि मिळत नाहीं.