'ब्लूनोज'च्या प्रतिकृतीविषयी

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र पावले. 'ब्लूनोज' या कॅनडातील मासेमारी नौकेची लाकडी प्रतिकृती करण्याचा तुझा मनोदय, सोबतचा नकाशा आणि सामानाची यादी हे सर्व सावकाश पाहिले. परंतु यादीत अग्रस्थानी शिडांचे कापड, त्याखालोखाल पितळी कप्प्या आणि अगदी शेवटी लाकूड, असा क्रम पाहून चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटले.

या नौकेची कीर्ती शर्यतींमुळे झाली, हे निर्विवाद. 1920 साली हॅलिफॅक्सच्या एका वृत्तपत्राच्या मालकाने कामकरी मच्छीमार नौकांसाठी करंडक ठेविला. तो पहिल्याच वर्षी अमेरिकेतील ग्लॉस्टरच्या 'एस्पेरांतो'ने नेला. आणि तो परत मिळवावा या ईर्ष्येने विल्यम रूए यांच्या आराखड्यावरून बांधलेली ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर 26 मार्च 1921 रोजी लुनेनबर्गच्या गोदीतून पाण्यात उतरली. मात्र शर्यतीची अट अशी की, नौका खरोखर मासेमारीचा हंगाम करून आलेली असावी. केवळ करंडकासाठी घडविलेल्या शोभिवंत नौकांना तेथे मज्जाव होता. म्हणून 'ब्लूनोज' आधी ग्रँड बँक्स या मासेमारीच्या क्षेत्रात कॉड मासळीसाठी गेली आणि मग ऑक्टोबरात तिने करंडक जिंकला. ज्या धंद्याच्या दाखल्यावाचून तिला शर्यतीत प्रवेशच नव्हता, त्या धंद्याची एकही खूण तुझ्या यादीत नसावी, याचे मला नवल वाटते.

डोरी नावाच्या छोट्या होड्या तू गाळल्यास, म्हणजे मुद्द्याची गोष्टच गाळलीस. स्कूनर ही वस्तुतः वाहतुकीची आणि वस्तीची जागा. मासळी धरीत त्या डोऱ्यांतून. सपाट तळाच्या या आठ होड्या, बसावयाच्या आडव्या फळ्या काढून, परातींप्रमाणे एकात एक रचून डेकवर ठेवीत. मासळीच्या जागी पोहोचल्यावर प्रत्येकीत दोघे उतरून आमिष लावलेल्या गळांची लांबच लांब दोरी सोडीत. आणि आणलेली मासळी डेकवरच चिरून, साफ करून, नौकेच्या पोटातील खणांत मिठाचे थर देऊन रचीत. डेकचा मध्यभाग मोकळा का, आणि पाण्याखालचा भाग सोळा फुटांच्या आसपास खोल का, याचे पुष्कळसे उत्तर या दिनक्रमात सापडते. ते समजल्यावाचून केलेली प्रतिकृती कपाटात शोभेल, पण जाणकारापुढे टिकणार नाही.

प्रमाण फुटास पाव इंच असे धर. मूळ लांबी 143 फूट, ती पावणेछत्तीस इंच होईल. रुंदी 27 फूट, ती पावणेसात इंच. याच हिशेबाने पुठ्ठ्याचा दीड इंची माणूस कापून सदैव जवळ ठेव: कठडा त्याच्या छातीपर्यंत आला, किंवा झडपेतून त्याचे खांदे उतरेनात, तर नकाशा वाचण्यात कोठेतरी चूक झाली असे समजून हात थांबवावा.

कण्यावर फासळ्या बसविल्यावर फळ्या मारण्याची घाई करू नकोस. नाळेकडील फासळ्यांच्या कडा तिरप्या घासून, त्यांवर एक लवचीक पट्टी टेकवून, ती प्रत्येक फासळीला पूर्ण अंगाने स्पर्श करते की नाही याची खातरजमा करावी. फळी मारताना डावीकडे एक, तर उजवीकडे एक, हा नियम मोडलास तर एकाच बाजूच्या ओढीने कणा वाकेल, आणि वाकलेला कणा कोणताही रंग झाकीत नाही. नाळेकडे प्रत्येक फळी निमुळती करावी लागते. तेथे आळस करणारे पुढे पडलेली फट लुकणाने भरतात, हे मी पुष्कळांचे पाहिले आहे.

छायाचित्रांबाबत एक ताकीद. मूळ नौका 1942 साली विकली गेली, वेस्ट इंडीजमध्ये माल वाहू लागली आणि जानेवारी 1946 मध्ये हैतीनजीक खडकावर फुटली. हल्ली सर्वत्र दिसतात ती बहुतेक चित्रे 1963 साली उतरविलेल्या 'ब्लूनोज 2'ची. बाह्याकृती तीच असली, तरी ती मासेमारीसाठी बांधलेली नसल्याने तिच्या डेकचा तपशील पुरावा म्हणून धरू नये. 1946 पूर्वीची चित्रेच ग्राह्य.

शिडांविषयी आज लिहीत नाही. ती बाब फार पुढची आहे. शिवणीची एक वाळलेली फळी पाठविण्याची तजवीज केली आहे. तिच्यातून आधी एकच डोरी करून पाहा, आणि ती साधली की तिचे माप व तुझ्या शंका दोन्ही कळव.



तुझा,
काका