आधी शेवटच्या वर्षाचं विचारा

बंगळूरच्या यशवंतपूरला राहून मी इतिहासात बी.ए. केलं. 2021 साली मी प्रवेश घेतला, तेव्हा नवं शैक्षणिक धोरण देशात सगळ्यांत आधी कर्नाटकाने लागू केलं होतं. पहिली दोन वर्षं दोन विषय बरोबरीने शिकायचे, तिसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर करायचा, आणि चौथं वर्ष पुरं केलं की ऑनर्स. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या चौथ्या वर्षाचा हिशेब धरला होता, कारण त्यानंतर एम.ए. एका वर्षात होतं.

तिसऱ्या वर्षी इतिहास मेजरला मोजकीच मुलं उरली. सहाव्या सेमिस्टरच्या अखेरीस कॉलेजने सांगितलं, चौथ्या वर्षाचा वर्ग इथे निघणार नाही. त्याच सुमारास, मे 2024 मध्ये, राज्याच्या शिक्षण धोरणासाठी नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर राज्य सरकारने नव्या प्रवेशांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. जुन्या तुकड्यांना चौथ्या वर्षाची मुभा राहिली. आम्हाला मुभा होती, वर्ग नव्हता. मी तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांच्या एम.ए.कडे वळलो.

म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन शेवटच्या वर्षाची चौकशी करा. छापील अभ्यासक्रमात ऐच्छिक पेपरांची लांबलचक यादी असते. त्यातले कोणते चालतात ते शिकवणारं माणूस आणि मुलांची संख्या यांवर ठरतं. तेव्हा ‘कोणते पेपर आहेत’ असं विचारू नका, ‘गेल्या दोन वर्षांत कोणते शिकवले’ असं विचारा. सीनियर मुलं हे ऑफिसपेक्षा खरं सांगतात. स्वतःच्या प्रवेशवर्षाचा अभ्यासक्रम जपून ठेवा, पुढच्या तुकडीचा तुम्हाला लागू होईलच असं नाही. चार वर्षांची पदवी जिथे आहे तिथे यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांना किमान 120 आणि चार वर्षांना 160 क्रेडिट लागतात. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के हवेत. म्हणजे पहिलं सेमिस्टर कॉलेज पाहण्यात घालवायची सोय नाही.

जोडीला बहुतेक जण राज्यशास्त्र घेतात, स्पर्धा परीक्षेला बरं म्हणून. घ्या, हरकत नाही. पण भाषेच्या पेपराकडे मार्कांची दुभती गाय म्हणून बघू नका. यशवंतपूरशेजारी मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वर देवळाचा 1669 चा शिलालेख आहे. एकोजींनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, देवळाला गाव इनाम दिल्याचा. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, त्यानंतरच्या काळाचा हा घरच्याच परिसरातला पुरावा. लेख कन्नडमध्ये आहे. मराठी मुलगा तिथे उभा राहून नुसता फोटो काढतो! मी कन्नड शिकलो ते आधी दुकानदारांशी बोलण्यापुरतंच, पण पुढे राइससाहेबांच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या शिलालेखसंग्रहातला मूळ पाठ उघडायची भीती गेली. मराठी राज्याचे कागद वाचायचे तर मोडी हवी. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. ऐच्छिक पेपर एखादा कमी आवडीचा मिळाला तरी चालेल, पण कन्नड आणि मोडी यांतली एक तरी लिपी पदवी हातात येईपर्यंत यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोडीचे वर्ग कॉलेजात नसले तर बाहेर शोधा, सुट्टीत करा.

आता महाराष्ट्रात चार वर्षांच्या पदवीची वाट आहे, कर्नाटकात तीन वर्षांची. बेळगाव, पुणे आणि बंगळूर यांच्यामध्ये शिकायला जा-ये करणाऱ्या मराठी घरांनी हे आधी ताडून पाहावं. कर्नाटकातून तीन वर्षांची पदवी घेऊन पुण्यात एम.ए.ला जायचं असेल, तर दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च आजच धरून ठेवा.